पेटीवाल्याची मुलगी

परवा शाळा सुटल्यावर माझा नातू नेहमीप्रमाणे आमच्या घरी आला, दप्तर कोपऱ्यात टाकले आणि पियानोकडे न जाता खिडकीशी जाऊन बसला. वय वर्षे बारा. पुढच्या वर्षी त्याचे बार मिट्झवा आहे. सहा वर्षे तो माझ्याकडेच पियानो शिकतो आहे आणि हात चांगला आहे. "काय झाले रे?" म्हणून विचारले तेव्हा कळले, की शाळेच्या कार्यक्रमात एकट्याने पियानो वाजवायचा मान दुसऱ्या मुलाला मिळाला आणि याला गायकवृंदाच्या साथीला बसायला सांगितले. त्याला मराठी समजते, उत्तर मात्र तो इंग्रजीतच देतो. म्हणाला, "आजी, जो निवडला गेला नाही त्याला देतात ते काम. कार्यक्रमपत्रिकेवर नावसुद्धा सगळ्यांत खाली, बारीक अक्षरांत."

मी त्याला खायला दिले, पण समजूत घालता आली नाही. कारण सांगते. मी स्वतः पंचेचाळीस वर्षे हेच काम केले. या पिस्कॅटवे गावात राहून आसपासच्या गायकांच्या, व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या, शाळांच्या गायकवृंदांच्या साथीला मी पियानोवर बसले आणि घरी मुलांना शिकवले. त्यातली पहिली सात वर्षे मलाही माझ्या नातवासारखेच वाटत होते. इतके, की ही गोष्ट मी माझ्या वडिलांपासून लपवून ठेवली. आजवर हे कुठे लिहिले नव्हते. आता लिहिते.

आमचे घर भायखळ्याला. पपा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते, पण मोहल्ल्यात त्यांना सारे 'पेटीवाले' म्हणूनच ओळखीत. आपल्या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तने सुरू झाली, हे वाचकांना ठाऊकच आहे. योसेफाची कथा, मोशेची कथा, एलियाहू हन्नाबीची कथा; साकी, दिंडी, आर्या, सारे आपल्या मराठीत. माझ्या लहानपणी शब्बाथ निघाल्यावर रात्री कुठे ना कुठे कीर्तन असे. कीर्तनकार मध्ये उभे राहत आणि पपा बाजूला जाजमावर पेटी घेऊन बसत. मी त्यांच्या मागे बसून पेंगत असे.

पेंगता पेंगता मी पुष्कळ शिकले, पण ते शिकणे आहे हे तेव्हा कळले नाही. कीर्तनकारांचा घसा बसला असला, की ते सुरुवातीलाच हळूच म्हणत, "आज जरा खालून घ्या." पपा मान हलवीत आणि रोजची पट्टी सोडून खालच्या पट्टीत सारे कीर्तन वाजवीत. ऐकणाऱ्यांना पत्ता लागत नसे. ते मला सांगत, "गाणाऱ्याने श्वास घेतला, की आपण भाता भरून ठेवायचा. त्याने सूर लावल्यावर भाता ओढलास तर तू मागे राहिलीस." कीर्तन संपले, की कीर्तनकारांना हार आणि पाकीट मिळे. पपांना चहा मिळे. मला त्याचा राग येई. पपांना येत नसे, असे मी समजत होते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनाला लागलेली होती. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. पेटीचे सूर बांधलेले, तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून ती आपल्या रागसंगीताला शोभत नाही, असे कारण होते. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. नाट्यगृहात जाऊन गोविंदराव पटवर्धनांची छोटा गंधर्वांना साथ ऐकावी आणि घरी येऊन रेडिओ लावावा, तर त्यात पेटी नाही. पपा म्हणत, "बाजूला तर बसवलेच होते, आता खोलीबाहेर काढले."

म्हणूनच की काय, त्यांनी मला पेटी शिकवली नाही. माझगावात एक गोवेकर बाई पियानो शिकवीत. त्यांच्याकडे मला नेऊन सोडले. घरात पियानो ठेवायला जागा नव्हती, घ्यायला पैसाही नव्हता. मी रोज संध्याकाळी बाईंच्या घरी जाऊन त्यांच्याच पियानोवर एक तास सराव करीत असे. त्या तासाचे वेगळे पैसे पडत. ते भरायला पपांनी कचेरीनंतर एका वकिलाकडे टंकलेखनाचे काम धरले. ट्रिनिटीच्या परीक्षांना लंडनहून परीक्षक येत. मी एकेक पायरी चढत गेले. प्रत्येक वेळी निकाल लागला, की पपा एकच वाक्य बोलत: "बाय, माझ्यासारखी बाजूला बसू नकोस. मध्ये बस."

त्या काळी मुंबईत पाश्चात्त्य संगीत म्हणजे पारशी, गोवेकर आणि युरोपियन यांचे काम, असे आपल्या लोकांना वाटे. पण रोज सकाळी आकाशवाणी सुरू होताना तंबोऱ्याबरोबर जी ओळखीची सुरावट लागे, ती सहसा एका यहुदी माणसाच्या नावावर सांगितली जाते, हे मला अमेरिकेत आल्यावर कळले. वॉल्टर कॉफमन, जन्म १९०७, बोहेमियातील कार्ल्सबादचे. युरोपात हिटलरचे सावट पसरू लागले तेव्हा, १९३४ साली, ते मुंबईस आले. येथे त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. त्यांच्याबरोबर व्हायोलिनवर झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हर्गा वाजवीत. कॉफमन स्वतः पियानोवर असत. म्हणजे तेही साथसंगतीतलेच. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. पुढे कॅनडा आणि मग अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवले आणि १९६८ साली उत्तर हिंदुस्थानी रागांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९८४ साली ते वारले. आपल्याच मुंबईत दहा-बारा वर्षे राहून गेलेला हा माणूस आपल्याला ठाऊक नव्हता, याची मला अजून रुखरुख वाटते. पपांना ते ऐकून फार बरे वाटले असते.

असो. १९७८ साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही येथे आलो. पिस्कॅटवे हे न्यू जर्सीतील जुने गाव, १६६६ साली वसलेले. रॅरिटन नदीच्या पलीकडे न्यू ब्रन्सविक. रटगर्स विद्यापीठाचे अर्धे अंग अलीकडे, अर्धे पलीकडे. जवळच्या हायलंड पार्कमध्ये यहुदी वस्ती मोठी आणि सिनेगॉगही आहेत, पण तेथील तेफिलेची चाल आपली नव्हे. आपली चाल ऐकायची तर रोश हशाना-किप्पूरला न्यूयॉर्कला जावे लागे. पहिल्या वर्षी बर्फ, एकटेपणा आणि रिकामी खोली. घर बदलणाऱ्या एका कुटुंबाकडून आम्ही जुना उभा पियानो घेतला. पियानोच्या किमतीपेक्षा तो उचलून आणण्याचा खर्च जास्त आला.

मध्ये बसण्याचे काय झाले? वाचकहो, अमेरिकेत आल्यावर पंधरा दिवसांत मला कळून चुकले, की माझ्याहून चांगले वाजवणारी सोळा-सतरा वर्षांची मुले येथे प्रत्येक गावात आहेत. एकटीने कार्यक्रम करण्याइतकी माझी तयारी नव्हती आणि ती करण्याचे वयही गेले होते. हे कबूल करायला मला कोणी भाग पाडले नाही; कानांनीच सांगितले. मी शेजारच्या मुलांना शिकवू लागले. मग १९७९ च्या हिवाळ्यात नदीपलीकडच्या एका गायनशिक्षिकेचा फोन आला. तिचा पियानोवाला आजारी होता. मी गेले. पहिल्याच गायिकेला सर्दी झालेली, म्हणाली, "एक स्वर खाली घेता येईल का?" समोरची छापील पाने एका पट्टीत आणि हात दुसऱ्या पट्टीत, असे मी तासभर वाजवले. शिक्षिका चकित झाली. "हे कुठे शिकलात?" मी सांगितले, "मुंबईला." पेटीचे नाव काढायची मला लाज वाटली.

त्या दिवसापासून काम येत गेले. हे काम काय असते ते थोडे सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, की गाणारा गातो आणि पियानोवाला मागून ठोकतो. गाण्यातील शब्द साथ करणाऱ्याला पाठ असावे लागतात, कारण सूर शब्दाच्या स्वरावर पडतो, व्यंजनावर नव्हे. गाणारी एखादे व्यंजन लांबवू लागली, तर आपले बोट तेवढा वेळ वर थांबले पाहिजे. तिचा श्वास कुठे संपणार आहे हे तिच्या आधी ओळखावे लागते, आणि तो अपुरा पडत असेल तर गती किंचित वाढवून तिला वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचवावे लागते, तेही तिला ढकलल्यासारखे वाटू न देता. व्हायोलिनचा विद्यार्थी कन्चेर्टो घेऊन परीक्षेला जातो, तेव्हा साठ-सत्तर माणसांच्या वाद्यवृंदाचे सारे काम पियानोवर दहा बोटांनी करायचे असते. त्यात काय वाजवायचे यापेक्षा काय गाळायचे हे कळणे अवघड. गाणाऱ्याचा आवाज लहान असेल तर पियानोचे झाकण अर्धेच उघडायचे. आणि पाने आपली आपण उलटायची वेळ आली, तर कोणत्या सुरावर एक हात मोकळा होतो हे आधीच हेरून ठेवायचे.

या कामात शब्बाथचा प्रश्न मोठा. येथे विद्यार्थ्यांचे कार्यक्रम, परीक्षा, स्पर्धा बहुतेक शनिवारी, आणि नाटकांच्या तालमी शुक्रवारी रात्री. शुक्रवारचे दिवे लागल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत वाजवायचे नाही, असा मी नियम केला. त्यापायी एक चांगली कायमची नोकरी गेली. देणाऱ्यांचा दोष नव्हता. त्यांना शनिवार हवा होता. हा नियम मी दोनदा मोडला, हेही लिहिते. दोन्ही वेळा घराचा हप्ता थकला होता. दोन्ही वेळा हात नीट चालले आणि घरी आल्यावर मला जेवण गेले नाही. धर्माची बढाई मारावी इतकी मी धार्मिक नाही, पण आठवड्यातून एक दिवस पियानोचे झाकण बंद ठेवण्याची सवय मला उपयोगी पडली. रविवारी सकाळी कान ताजे असत.

आता पत्रांविषयी. पपांना मी दर पंधरवड्याला पत्र लिहीत असे. "रविवारी कार्यक्रम झाला. दोनशे माणसे होती. टाळ्या खूप पडल्या." यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण टाळ्या कुणाला पडल्या, हे मी लिहीत नसे. पपा ती पत्रे शेजाऱ्यांना दाखवीत, सिनेगॉगमध्ये वाचीत. पुढे कुणी तरी आपल्या समाजाच्या एका मासिकात दोन ओळींची बातमी दिली, की भायखळ्याच्या अमक्यांची कन्या अमेरिकेत पियानोवादनाचे जलसे करते. ते कात्रण पपांनी मला पाठवले. मी ते दुरुस्त केले नाही. एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तर माझे नाव घालायलाच विसरले होते. ती पत्रिका मी फाडून टाकली, कारण पपांनी ती मागितली असती.

१९८६ साली उन्हाळ्याच्या आधी पपा आमच्याकडे आले. आई जाऊन तीन वर्षे झाली होती. ते आले त्याच्या दुसऱ्या रविवारी एका विद्यार्थिनीचे गायन होते आणि साथ माझी होती. "तुमचा प्रवासाचा शीण गेला नसेल, घरीच राहा," असे मी म्हणून पाहिले. त्यांनी कोट चढवला आणि गाडीत जाऊन बसले.

सभागृह लहान. पपा तिसऱ्या रांगेत. मुलगी मध्ये उभी राहिली आणि मी बाजूला बसले. ते बघत होते, हे मला पाठीमागूनसुद्धा कळत होते. शूबर्टचे 'दी फोरेल' हे गाणे सुरू झाले. फोरेल म्हणजे ओढ्यातली मासोळी. पियानोत तिची उडी सारखी ऐकू येते. दोन कडव्यांच्या मध्ये पियानोचा एक छोटा तुकडा आहे. मुलगी घाबरलेली होती. तो तुकडा संपायच्या आत, दोन मात्रांची दोन आवर्तने आधीच, तिने दुसरे कडवे सुरू केले. अशा वेळी विचार करायला वेळ नसतो. मी हातातला तुकडा तिथेच सोडला आणि तिच्या शब्दाखाली जाऊन बसले. गाणे पुढे गेले. टाळ्या पडल्या, तिला फुले मिळाली. मला बाहेर चहा मिळाला.

परतताना पपा गाडीत गप्प होते. रॅरिटनवरचा पूल आला तेव्हा म्हणाले, "त्या मुलीने चार मात्रा खाल्ल्या."

"हो, पपा."

"तू धरलीस."

"हो."

"कुणाला कळले नाही."

"नाही."

"तिला?"

"तिला गाणे संपल्यावर कळले."

ते हसले. पपांना पाश्चात्त्य संगीत येत नव्हते, शूबर्ट कोण हे ठाऊक नव्हते, जर्मन भाषेचा एक शब्द समजत नव्हता. तरी त्या सभागृहात चार मात्रा मोजणारे ते एकटेच होते. मला गाडी चालवणे अवघड झाले. पूल ओलांडल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि पत्रांविषयी सारे सांगून टाकले.

पपा म्हणाले, "मला पहिल्या वर्षीच कळले होते. एकट्याने वाजवणारा माणूस पत्रात 'आम्ही चांगले वाजवले' असे लिहीत नाही."

"मग तुम्ही सगळ्यांना का सांगत राहिलात?"

"त्यांना काय कळते? त्यांना मध्ये बसलेलाच दिसतो." थोड्या वेळाने म्हणाले, "मी तुला मध्ये बस म्हणत होतो ते चुकले असे मी म्हणणार नाही. बापाने तसेच म्हणायचे असते. पण पेटीचे नाव का लपवलेस?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तेव्हा नव्हते आणि आजही फारसे नाही.

ते दोन महिने राहिले. रोज दुपारी मुलांच्या शिकवणीच्या वेळी ते खोलीत कोपऱ्यात बसत. एक दिवस त्यांनी विचारले, "ही मुले एकेकटीच का वाजवतात? दोघे मिळून कधी?" तेव्हापासून माझ्या शिकवण्यात बदल झाला. दुसऱ्या वर्षाला आलेले प्रत्येक मूल माझ्याकडे महिन्यातून एकदा दुसऱ्याची साथ करते. कुणाचा भाऊ बासरी वाजवतो, कुणाची बहीण गाते, कुणाचे आजोबा भजन म्हणतात. जे मूल एकट्याने वाजवताना धावत सुटते, ते दुसऱ्याबरोबर बसले की थांबायला शिकते. घरी सराव करताना चूक झाली की थांबून मागे जाण्याची मुलांना खोड असते. साथीत मागे जाता येत नाही. चूक तिथे सोडून पुढच्या मात्रेवर हजर राहावे लागते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी फार थोडी संगीतात राहिली. बाकीची डॉक्टर, इंजिनीयर, हिशेबनीस झाली. ती भेटली की सोनाटा विसरल्याचे सांगतात, पण ही साथ त्यांना आठवते.

या कामाला येथे हल्ली नवे नाव आहे. पूर्वी 'अकंपनिस्ट' म्हणत. आता 'कोलॅबोरेटिव्ह पियानिस्ट' म्हणतात. हे नाव रूढ करण्याचे श्रेय सॅम्युएल सँडर्स यांना देतात. १९३७ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेले सँडर्स जन्मतःच हृदयाच्या विकाराने आजारी होते. त्या शरीराने त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ इत्झाक पर्लमन यांना साथ केली आणि ज्युलिअर्ड संस्थेत साथीचे शिक्षण उभे केले. तेल अवीवमध्ये जन्मलेले पर्लमन लहानपणी पोलिओने अधू झालेले, त्यामुळे बसून वाजवणारे. दोघे मंचावर येत तेव्हा लोक पर्लमनना पाहत. १९९९ साली सँडर्स वारले. त्यांच्या आधीही अशी माणसे झाली. ग्वेंडोलिन कोल्डोफ्स्की यांनी १९४७ साली कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठात साथीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला. इंग्लंडचे जेराल्ड मूर यांनी तर आपल्या आत्मचरित्राला नावच दिले, 'माझा आवाज फार मोठा होतो का?' अशा अर्थाचे. १९६७ साली लंडनला त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तीन मोठे गायक त्यांच्यासाठी गायले, आणि शेवटी मूर एकटे पियानोवर बसून शूबर्टचे एक गाणे वाजवून गेले. जन्मभरात मध्ये बसायची पाळी आली ती निरोपाच्या दिवशी. आणि बीथोव्हेनच्या काळी सोनाटाच्या छापील पुस्तकावर पियानोचे नाव आधी आणि व्हायोलिनचे नंतर असे. कोण पुढे आणि कोण मागे, हे काळाप्रमाणे बदलत आले आहे.

नवे नाव चांगले आहे. नाव बदलले म्हणून मानधन वाढले, असे मात्र फारसे झाले नाही. मला आपला 'साथ' हाच शब्द पुरतो. त्यात बरोबर असणे आहे, मागे असणे नाही.

आमच्या गावात विद्यापीठाच्या बुश भागात पॉल रोबसन यांच्या नावाचे सांस्कृतिक केंद्र आहे. रोबसन हे रटगर्सचे विद्यार्थी, १९१९ चे पदवीधर, प्रसिद्ध कृष्णवर्णी गायक. पपांना त्यांचे नाव ठाऊक होते. १९५८ साली रोबसन साठ वर्षांचे झाले तेव्हा हिंदुस्थानातही तो वाढदिवस साजरा झाला होता. रोबसन यांच्या कार्यक्रमांत बेर्दिचेव्हचे रब्बी लेवी यित्झाक यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले काद्दिशचे गीतही असे. त्यांच्या पियानोवर लॉरेन्स ब्राउन असत. १९२५ साली न्यूयॉर्कला त्या दोघांनी केवळ आपल्या गुलाम पूर्वजांच्या भक्तिगीतांचा पूर्ण कार्यक्रम केला. गाण्यांची पियानोसाठी मांडणी ब्राउन यांची, आणि साथ करता करता ते स्वतः गातही. पुढे पस्तीस वर्षे, रोबसन यांचा पासपोर्ट सरकारने काढून घेतला त्या वाईट काळातही, ब्राउन त्यांच्याबरोबर राहिले. १९७२ साली ते गेले. मी त्या केंद्रावरून जाते तेव्हा दारावरचे नाव वाचते आणि दुसरे नाव मनातल्या मनात घेते.

पपा १९९३ साली भायखळ्यालाच वारले. पेटी माझ्या भावाबरोबर अशदोदला गेली. भाची आता तेथे बायकांच्या कीर्तनात तीच पेटी वाजवते. मागल्या वेळी फोनवर तिने तक्रार केली, की भाता एका बाजूने गळतो. मी तिला सांगितले, तो १९६० सालापासून गळतो आहे. पपा गाणारीच्या श्वासाआधी जरा जास्त भरून ठेवीत, तू तसे कर.

नातवाला हे सारे मी दोन-तीन दिवसांत थोडे थोडे सांगितले. त्याने ऐकले की नाही, कळले नाही. बार मिट्झवाच्या तयारीत त्याला मिन्यान म्हणजे काय ते शिकवले आहे, म्हणून मी म्हटले, "दहावा माणूस आला नाही तर तेफिला अडते. आला, की त्याचे नाव कुणी विचारीत नाही." तो म्हणाला, "आजी, हे फार म्हातारे उदाहरण आहे." मी गप्प बसले.

काल तो पहिल्या तालमीहून आला. दप्तर टाकले आणि सरळ पियानोवर बसला. मी स्वयंपाकघरात होते. चार-पाच वेळा त्याने तीच ओळ वाजवली, मग थांबून मोठ्याने म्हणाला, "आजी, पुढच्या रांगेतली ती उंच मुलगी आहे ना, ती सगळ्यांच्या आधी श्वास घेते. मग मी काय करू?"

मी हात पुसले आणि त्याच्या बाजूला जाऊन बसले.